इलेक्ट्रिक ब्रश की साधा ब्रश: हिरड्यांना नेमका फरक किती पडतो?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या औषधांच्या दुकानात डोकावले किंवा मोबाइलवर एखादा सेल उघडला, की इलेक्ट्रिक टूथब्रश हल्ली हमखास समोर येतो. बॅटरीवर चालणारा साधा नमुना तीन-चारशे रुपयांत मिळतो, तर चार्जिंगचे आणि मोबाइलच्या अ‍ॅपला जोडले जाणारे ब्रश दहा हजारांच्याही पुढे जातात. वेष्टनावर कितीतरी पट जास्त स्वच्छतेचे दावे छापलेले असतात. गिऱ्हाईक विचारते, “दादा, हा चार्जिंगचा खरंच चांगला असतो का, की आपला साधाच बरा?” दुकानदार कितीही प्रामाणिक असला, तरी या प्रश्नाचे उत्तर त्याला काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, कारण त्यासाठी दातांवर काय साचते, ते कशाने निघते आणि हिरड्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

निष्कर्ष सुरुवातीलाच सांगते. इलेक्ट्रिक ब्रशचा फायदा खरा आहे आणि तो मोजलाही गेला आहे. मात्र जाहिरातीत दिसतो तेवढा तो मोठा नाही. ब्रश कोणता आहे यापेक्षा तो किती वेळ चालतो आणि हिरडीच्या कडेपर्यंत पोचतो की नाही, याने हिरड्यांचे भवितव्य अधिक ठरते.

दातांवर साचते काय?

रात्री नीट घासलेल्या दातांवरून सकाळी जीभ फिरवली, तर ते किंचित खरखरीत लागतात. पुष्कळांना वाटते की हे अन्नाचे उरलेले कण असावेत. प्रत्यक्षात दात घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा दातावर बसतो, त्याला तोंडातले जिवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. जिवाणूंच्या या चिकट थराला प्लाक म्हणतात. त्याचा रंग दाताशी इतका मिळताजुळता असतो की आरशात तो सहसा दिसत नाही.

घरातले पाण्याचे पिंप आठवा. बरेच दिवस धुतले नाही, तर त्याच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो. नुसते पाणी ओतून पिंप कितीही हिंदकळले, तरी तो थर जात नाही. काथ्याने चोळले की सहज निघतो. तसेच पडू दिले आणि पाणी बोअरवेलचे, जड असले, तर त्याच ठिकाणी क्षाराचा कठीण पापुद्रा बसतो आणि मग काथ्याही उपयोगी पडत नाही, तो खरवडावाच लागतो. तोंडातही असेच घडते. चूळ भरून प्लाक निघत नाही, ब्रशने निघतो. तो काही दिवस तसाच राहिला, तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून त्याचे कीटण होते. कीटण कोणत्याही ब्रशने निघत नाही, मग तो वीस रुपयांचा असो वा वीस हजारांचा. ते दंतवैद्याला उपकरणाने काढावे लागते आणि त्यालाच स्केलिंग म्हणतात.

थोडक्यात, दोन्ही प्रकारच्या ब्रशांचे काम एकच आहे: मऊ अवस्थेतला प्लाक कडक होण्याआधी रोजच्या रोज काढणे.

घासताना रक्त येते, मग घासायचे कसे?

प्लाक हिरडीच्या कडेला साचला, की शरीर त्यातल्या जिवाणूंशी लढण्यासाठी त्या भागातला रक्तपुरवठा वाढवते. हिरडी लालसर होते, किंचित सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. याला हिरडीदाह म्हणतात. बेसिनमध्ये लालसर फेस दिसला की बहुतेक माणसे घाबरून ती जागा घासणेच सोडून देतात, नाहीतर वरवर ब्रश फिरवतात. त्यामुळे तिथे प्लाक आणखी साचतो आणि रक्त वाढते. हिरड्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज कोणता, असे मला विचारले तर मी हाच सांगेन.

या संबंधाचा थेट पुरावा १९६५ सालचा आहे. डेन्मार्कमधल्या आर्हुस येथे हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत त्या सगळ्यांना हिरडीदाह झाला. त्यांनी पुन्हा नीट घासायला सुरुवात केली, तेव्हा साधारण आठवडाभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. थर साचला तेव्हा दाह झाला आणि थर काढला तेव्हा तो गेला. म्हणून रक्त येणारी जागा टाळू नये. ती मऊ ब्रशने, हलक्या हाताने आणि अधिक लक्ष देऊन स्वच्छ करावी.

हे पूर्ववत होणे मात्र ठरावीक टप्प्यापर्यंतच शक्य असते. दाह वर्षानुवर्षे चालू राहिला, तर काही जणांमध्ये तो खाली दाताला धरून ठेवणाऱ्या हाडापर्यंत उतरतो, हिरडी दातापासून सुटू लागते, हाड झिजते आणि दात हलू लागतात. पूर्वी याला सर्रास पायोरिया म्हणत. झिजलेले हाड घासण्याने परत येत नाही. त्यामुळे ब्रशची खरी लढाई हिरडीदाहाच्या टप्प्यावरच लढायची असते.

इलेक्ट्रिक ब्रश वेगळे काय करतो?

बाजारात प्रामुख्याने दोन जाती आहेत. पहिल्या जातीत डोके लहान आणि गोल असते. ते पूर्ण फिरत नाही, थोडे उजवीकडे आणि थोडे डावीकडे असे झपाट्याने वळत राहते. दुसऱ्या जातीचे डोके साध्या ब्रशसारखेच लांबट असते आणि ते कडेकडेने अतिशय वेगाने थरथरते, मिनिटाला ३० हजारांच्या आसपास. या थरथरीचा वेग कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यात मोडतो, म्हणून तिला सोनिक म्हणतात. हाताने घासताना मिनिटाला काही शे हालचाली होतात, त्यामुळे हे आकडे छाती दडपणारे वाटतात. परंतु हालचाली शंभरपट झाल्या म्हणून स्वच्छता शंभरपट होत नाही. जिथे ब्रशचे केस, म्हणजे ब्रिसल्स, टेकतच नाहीत, तिथला थर बहुतांशी जागच्या जागी राहतो.

माझ्या मते या यंत्राचे अधिक उपयोगी भाग तीन आहेत आणि तिघांचाही वेगाशी फारसा संबंध नाही. एक म्हणजे घड्याळ: बरेच ब्रश दोन मिनिटे झाली की थांबतात किंवा तसे कळवतात आणि दर ३० सेकंदांनी क्षणभर अडखळून तोंडाच्या पुढच्या चतुर्थांशाकडे वळण्याची खूण देतात. दुसरे म्हणजे, चांगल्या ब्रशांमध्ये जोर जास्त झाला की दिवा लागतो किंवा वेग मंदावतो. तिसरे, मनगटाने जी बारीक हालचाल करायची असते ती यंत्र करते आणि माणसाला फक्त ब्रश योग्य जागी धरावा लागतो.

ही तिसरी सोय या यंत्राच्या जन्मापासून त्याच्याशी जोडलेली आहे. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप गी वूग यांनी तयार केलेला ब्रॉक्सोडेंट हा पहिल्या यशस्वी इलेक्ट्रिक ब्रशांपैकी एक. तो मुख्यतः ज्यांच्या हातांच्या हालचाली मर्यादित आहेत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी होता.

आकडे काय सांगतात?

कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था एखाद्या प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास गोळा करून, त्यांची पारख करून एकत्रित निष्कर्ष काढते. २०१४ साली तिने याच प्रश्नावरचे ५६ अभ्यास तपासले, ज्यांत एकूण ५,०६८ माणसे होती. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांमध्ये साध्या ब्रशच्या तुलनेत पहिल्या एक ते तीन महिन्यांत प्लाक ११ टक्के कमी आढळला आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्के कमी. हिरडीदाहाच्या बाबतीत हाच फरक आधी ६ टक्के आणि नंतर ११ टक्के होता. गोल डोक्याच्या ब्रशबद्दलचा पुरावा सर्वांत भरीव होता.

या टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. प्लाक तराजूत तोलत नाहीत. दातांना रंग लावून परीक्षक प्रत्येक दाताला गुण देतो. एका प्रचलित पद्धतीत शून्य म्हणजे स्वच्छ आणि ५ म्हणजे दाताचा बहुतेक भाग थराने झाकलेला. सरासरी गुण २ असलेल्या गटात २१ टक्के घट झाली, तर गुण साधारण १.६ होतात. हा फरक आहेच, पण हिरड्यांच्या रोगाचा रुग्ण एकदम निरोगी होईल इतका तो नाही. हा फरक प्रत्यक्ष आयुष्यात कितपत महत्त्वाचा ठरतो हे स्पष्ट नसल्याचे खुद्द कॉक्रेननेही नोंदवले आहे.

आता याच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवू. एकदाच घासल्यावर किती प्लाक निघतो, याचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले आहेत. २०१२ सालच्या आढाव्यानुसार साध्या ब्रशने सरासरी ४२ टक्के प्लाक कमी होतो, तर २०१६ सालच्या आढाव्यानुसार इलेक्ट्रिकने सरासरी ४६ टक्के. म्हणजे कोणत्याही ब्रशने घासले, तरी सर्वसाधारण माणसाच्या दातांवर निम्म्याहून अधिक प्लाक शिल्लक राहतो. त्याच २०१२ सालच्या आढाव्यात वेळेचाही हिशेब आहे: साध्या ब्रशने एक मिनिट घासल्यास सुमारे २७ टक्के प्लाक निघतो आणि दोन मिनिटे घासल्यास सुमारे ४१ टक्के.

हे आकडे मला या सगळ्या चर्चेतले सर्वांत मोलाचे वाटतात. ब्रश बदलल्याने ४२ चे ४६ झाले, पण एक मिनिट वाढवल्याने २७ चे ४१ झाले. सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला माणूस किंवा मुलांचे डबे भरता भरता दात घासणारी गृहिणी घड्याळ लावून पाहील, तर बहुधा एका मिनिटाच्या आतच ब्रश धुऊन ठेवलेला आढळेल. दुसऱ्या मिनिटाला एक रुपयाही पडत नाही.

पण हे अभ्यास कंपन्यांच्याच पैशाने झालेले असतात ना?

ही शंका रास्त आहे. यातले बरेच अभ्यास ब्रश बनवणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने झालेले आहेत. कॉक्रेनने तपासलेल्या ५६ अभ्यासांपैकी फक्त ५ पूर्वग्रहाच्या, म्हणजे निकाल एका बाजूला झुकण्याच्या, धोक्यापासून बऱ्यापैकी मुक्त ठरले, ५ मध्ये धोका जास्त होता आणि उरलेल्या ४६ बद्दल पुरेशी माहितीच मिळाली नाही. शिवाय ज्याच्या हातात नवे यंत्र दिले आहे तो माणूस काही आठवडे जरा मन लावूनच घासतो. मात्र केवळ नव्याच्या नवलाईने फरक पडत असता, तर तो पुढे ओसरायला हवा होता. इथे तीन महिन्यांनंतर तो वाढलेला दिसतो.

जास्त काळाचा पुरावाही थोडाफार आहे. जर्मनीच्या पोमेरानिया भागात सुमारे २,८०० प्रौढांच्या तोंडाची ११ वर्षांपर्यंत पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दंतवैद्य मिलीमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत हलकेच सरकवून तिची खोली मोजतात. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलीमीटर असते आणि रोग वाढेल तशी वाढते. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांमध्ये ही खोली वाढण्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के कमी होते आणि त्यांचे दातही अधिक संख्येने टिकले. मात्र इथे कोणी कोणता ब्रश वापरायचा हे संशोधकांनी ठरवले नव्हते. जो महागडा ब्रश घेतो तो दंतवैद्याकडेही वेळेवर जात असण्याची शक्यता जास्त असते. संशोधकांनी अशा गोष्टी हिशेबात घेण्याचा प्रयत्न केला होता, तरी अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही.

साध्या ब्रशने तेवढेच काम होऊ शकते का?

होऊ शकते, त्यासाठी आपली घासण्याची पद्धत मात्र बदलावी लागेल. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी आडवे, जोरजोरात घासायला शिकवले गेले. त्याने दाताचा फुगीर मधला भाग लख्ख होतो, जिथे प्लाक तसाही कमी टिकतो. हिरडीच्या कडेची बारीक खाच मात्र सुटते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे डॉ. चार्ल्स बास यांनी सुचवलेली पद्धत आजही थोड्याफार फरकाने शिकवली जाते. मऊ ब्रिसल्सचा, लहान डोक्याचा ब्रश मुठीत आवळू नये, पेन धरतो तसा बोटांत धरावा. ब्रिसल्सची टोके दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर सुमारे ४५ अंशांच्या कोनात टेकवावीत; वरच्या दातांना ती तिरकी वर आणि खालच्या दातांना तिरकी खाली. मग ब्रश त्या जागेवरून न हलवता, दोन-तीन दातांपुरता, अगदी थोडा पुढे-मागे थरथरवावा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवून बाहेर घ्यावा. त्यानंतर पुढचे दोन-तीन दात. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा. ती जागा दातांमागे दडलेली असते आणि तिथेच लाळेची ग्रंथी उघडते, म्हणून कीटण सर्वांत आधी तिथे धरते.

कुठे सुटते आहे हे पाहायचे असेल, तर प्लाकला रंग देणाऱ्या गोळ्या किंवा द्रव मिळतो. नेहमीसारखे घासून घ्यावे, मग गोळी चावून चूळ भरावी आणि आरशात पाहावे. हिरडीच्या कडेने गडद गुलाबी रेघ उमटते, शेवटच्या दाढेची मागची बाजू रंगलेली असते आणि खालच्या दातांच्या आतली बाजू तर जवळपास सगळीच. ही रेघ एकदा डोळ्यांनी पाहिली, की कोणत्याही भाषणापेक्षा लवकर हात सुधारतो. शाळकरी मुलांना शिकवायला याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

इलेक्ट्रिक ब्रशने हिरड्या झिजत नाहीत का?

झीज वेगापेक्षा जोराने आणि टणक ब्रिसल्सने होते. टणक ब्रशने वर्षानुवर्षे आडवे रगडणाऱ्यांच्या दातांच्या मानेपाशी पाचरीसारखी खाच पडते, हिरडी खाली सरकते आणि डिसेंबर-जानेवारीत नळाचे गार पाणी तोंडात घेतले की कळ मस्तकात जाते. असे दात साध्या ब्रशवाल्यांमध्येही भरपूर दिसतात. गोल डोक्याच्या इलेक्ट्रिक ब्रशच्या सुरक्षिततेवर जे अभ्यास झाले, त्यांत साध्या ब्रशपेक्षा अधिक इजा होत असल्याचे आढळलेले नाही.

ही सुरक्षितता टिकते ती ब्रश योग्य रीतीने वापरला तरच. सुरू ब्रश हाताने पुन्हा पुढे-मागे रगडणे ही नेहमीची चूक आहे. पेस्ट लावून ब्रश आधी तोंडात न्यावा, मग सुरू करावा, म्हणजे फेस आरशावर उडत नाही. प्रत्येक दातावर, हिरडीच्या कडेला, तो नुसता टेकवून दोन-तीन सेकंद धरावा आणि पुढच्या दातावर सरकवावा. पहिले काही दिवस गुदगुल्या होतात, त्या पुढे थांबतात.

मग कोणी घ्यावा आणि कोणी घेऊ नये?

ज्यांचे हात साथ देत नाहीत, त्यांनी शक्य असेल तर नक्की घ्यावा. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजी, कंपवाताचे रुग्ण, पक्षाघातानंतर एका हाताने सगळे करणारी माणसे, यांच्यासाठी मनगटाची बारीक हालचाल यंत्राने करणे ही फार मोठी गोष्ट आहे. जाड मूठही पकडायला सोपी पडते. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांचे दात घरातले कोणी घासून देत असेल, तर त्यांचेही काम हलके होते. दातांना तारा लावलेल्यांना, घाईत वेळेचे भान न राहणाऱ्यांना आणि जोर जास्त लावायची सवय असलेल्यांना त्याचा फायदा होतो. मुलांच्या बाबतीत ब्रश कोणताही असो, सात-आठ वर्षांपर्यंत घासण्याचे काम मोठ्यांनी स्वतः करावे किंवा शेजारी उभे राहून करून घ्यावे.

ज्याच्या हिरड्या निरोगी आहेत आणि जो दोन मिनिटे नीट घासतो, त्याने साधा ब्रश सोडण्याचे काहीही कारण नाही. त्याच पैशांत वर्षा-दीड वर्षातून एकदा तपासणी आणि गरज असेल तर स्केलिंग करून घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

घ्यायचाच असेल, तर अ‍ॅपला आणि पाच-सहा प्रकारच्या कंपनांना भुलू नये. दोन मिनिटांचे घड्याळ, जोर कळवणारी खूण आणि मऊ ब्रिसल्स एवढे पुरे. दर तीन-चार महिन्यांनी डोके बदलावे लागते आणि एका डोक्याला काही शे रुपये पडतात, तर साधा ब्रश तीस-पन्नास रुपयांत येतो. त्यामुळे किंमत पाहताना वर्षाला तीन-चार डोक्यांचा खर्च धरावा आणि ती डोकी शालिमार किंवा मेन रोडच्या दुकानांत सहज मिळतात का, हे आधी विचारावे. डोके काढून त्याखालची जागा आठवड्यातून एकदा धुवावी, कारण तिथे पाणी आणि पेस्ट मुरून काळपट गाळ साचतो. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल, तर खरेदीपूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि चार्जर छातीजवळ नेऊ नये.

आजोबांचे दात तर बाभळीच्या काडीवर टिकले होते

काडी चावून तिचा कुंचला करून घासणे हीसुद्धा थर चोळून काढण्याचीच पद्धत आहे आणि नीट वापरली तर ती काम करते. दाढांच्या आतल्या बाजूला मात्र ती पोचवणे कठीण असते. त्या पिढीच्या आहारात साखरही बेताची होती. शिवाय आपल्याला ऐंशीव्या वर्षी ऊस सोलणारे आजोबा आठवतात. चाळिशीतच दात गेलेल्यांच्या गोष्टी घरात सांगितल्या जात नाहीत. राखुंडी आणि खरखरीत दंतमंजने दात पांढरे करतात ती वरचा भाग घासून, म्हणून ती टाळावीत.

मिश्रीचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावली जाते आणि ती दात घट्ट करते असा समज आहे. निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोग आत वाढत असूनही रक्त कमी दिसते आणि धोक्याची पहिली खूणच झाकली जाते. व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मिश्री लावणाऱ्या मावशींना मुलाने हौसेने इलेक्ट्रिक ब्रश आणून दिला, तरी मिश्री सुटेपर्यंत हिरड्या सुधारणार नाहीत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

ब्रश जिथे पोचतच नाही

दाताला पाच बाजू असतात: बाहेरची, आतली, चावण्याची आणि शेजारच्या दातांकडच्या दोन. पहिल्या तीन ब्रशच्या आवाक्यात येतात. उरलेल्या दोन इलेक्ट्रिक ब्रशच्याही आवाक्यात नीट येत नाहीत. हिरड्यांचा रोग बहुतेकदा या फटींमध्येच सुरू होतो. दात एकमेकांना चिकटून असतील तर दोरा, म्हणजे फ्लॉस, आणि फटी मोठ्या असतील तर फटीत घालायचा छोटा ब्रश दिवसातून एकदा वापरावा. जेवणानंतर टाचणीने किंवा काडेपेटीच्या काडीने कोरण्याची सवय हिरडीला जखम करते.

इथे पेस्टबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. प्लाक ब्रश काढतो. पेस्टचे मुख्य काम त्यातल्या फ्लोराइडने दात किडण्यापासून वाचवण्याचे आहे. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. द्राक्षे, लिंबू यांसारखे आंबट खाल्ल्यावर दाताचा वरचा थर काही काळ मऊ पडतो, म्हणून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने घासावे.

रक्त थांबतच नसेल तर

दोन आठवडे दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे नीट घासूनही रक्त येत राहिले, तर तिथे कीटण असण्याची शक्यता जास्त आहे. मग ब्रश बदलत बसण्यात अर्थ नाही, दंतवैद्याला दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर दोन आठवडेही थांबू नये, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचा दाह वाढला की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळेही रक्तस्राव वाढतो, तेव्हा ही माहिती डॉक्टरांना आधीच सांगावी. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासणी आणि स्केलिंग होते.

स्केलिंगने दात सैल होतात, अशी भीती अनेकांना असते. वर्षानुवर्षे दातांच्या मध्ये भरलेले कीटण निघाल्यावर तिथे फट जाणवते आणि सूज उतरल्याने हिरडी थोडी खाली गेल्यासारखी दिसते. दात हलत असलाच, तर तो आतले हाड आधीच झिजल्यामुळे हलत असतो. कीटणाच्या कवचामुळे ते तोवर लक्षात आलेले नसते. काही दिवस गार-गरम लागते, ते हळूहळू कमी होते. त्या दिवसांत हिरडी दुखते म्हणून घासणे टाळू नये. त्याच रात्रीपासून मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेने, दोन मिनिटे घासावे, कारण स्वच्छ झालेल्या दातावर प्लाक पुन्हा धरायला लगेचच सुरुवात होते.